त्रैक्यासाठी मोशेला साक्षीला बोलावू नका

पेन्टेकॉस्टनंतरचा रविवार हा त्रैक्य रविवार. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव, ही श्रद्धा त्या दिवशी चर्चमध्ये समजावून सांगितली जाते, आणि बहुतेक उपदेशक तेव्हा नव्या करारापाशी थांबत नाहीत. ते बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, म्हणजे उत्पत्तीच्या, पहिल्या अध्यायाकडे जातात आणि "आपण मनुष्य करू" हे देवाचे बोलणे वाचून दाखवतात. मग अब्राहामाच्या तंबूपाशी आलेले तीन पुरुष येतात, यशयाने मंदिरात ऐकलेला "पवित्र, पवित्र, पवित्र" हा घोष येतो, आणि शेवटी असे सांगितले जाते की त्रैक्य शास्त्राच्या पहिल्या पानापासून आहेच, यहुद्यांना ते दिसले नाही एवढेच.

मी त्रैक्य मानतो. निकियाचा मतांगीकार, म्हणजे त्रैक्यावरच्या श्रद्धेची जुनी कबुली, मी दर रविवारी मंडळीबरोबर म्हणतो आणि त्यातले प्रत्येक वाक्य मला मान्य आहे. तरीही माझे ठाम मत आहे की हिब्रू शास्त्र, म्हणजे आपण ज्याला जुना करार म्हणतो ते, त्रैक्य शिकवत नाही. ते शिकवते असे सांगत राहिल्याने आपली श्रद्धा कच्च्या पायावर उभी राहते. शिवाय ज्या समाजाने हा ग्रंथ लिहिला, जपला आणि मरतानाही ओठांवर ठेवला, त्याला स्वतःचे पुस्तक वाचता येत नाही असा आरोप आपण करत राहतो.

सगळ्यात जास्त वापरली जाणारी वचने आधी पाहू. देवासाठी हिब्रूत येणारा "एलोहीम" हा शब्द रूपाने अनेकवचनी आहे, म्हणून देवात अनेक व्यक्ती आहेत, असे म्हणतात. आपण मराठीत "महाराज आले" म्हणतो तेव्हा मान देण्यासाठी क्रियापदही अनेकवचनी करतो. उत्पत्तीच्या पहिल्याच वाक्यात तेवढेही होत नाही. तिथे नाम अनेकवचनी दिसते, पण "निर्माण केले" हे क्रियापद एकवचनीच आहे. शिवाय हाच शब्द पलिष्ट्यांच्या दागोनासाठी येतो (१ शमुवेल ५:७), मवाबाच्या कमोशासाठी येतो (शास्ते ११:२४) आणि फारोपुढे उभ्या राहणाऱ्या मोशेसाठीही येतो (निर्गम ७:१). दागोनात तीन व्यक्ती होत्या असे कोणी म्हणणार नाही. सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्विन याने उत्पत्तीवरच्या आपल्या भाष्यात हा युक्तिवाद टिकाऊ नाही असे स्पष्ट लिहिले आहे. आणि हा तोच कॅल्विन, ज्याच्या जिनीव्हात त्रैक्य नाकारल्याबद्दल मायकेल सर्व्हेटसला १५५३ मध्ये जिवंत जाळले गेले. त्रैक्याच्या बाबतीत त्याच्या मनात कसलीही ढिलाई नव्हती. तरी चुकीचा पुरावा त्याने घेतला नाही.

"आपण मनुष्य करू" या वाक्याचा प्रश्न जरा वेगळा आहे, कारण तिथे क्रियापदही अनेकवचनी आहे. राजाने स्वतःला "आम्ही" म्हणावे तसे हे बोलणे आहे, असे काहीजण सांगतात. मला ते पटत नाही, कारण हिब्रू शास्त्रातले राजे तसे बोलताना सहसा दिसत नाहीत. त्याहून चांगले उत्तर शास्त्रातच आहे. संदेष्टा मीखाया परमेश्वराला सिंहासनावर बसलेला पाहतो आणि त्याच्या उजव्या-डाव्या बाजूला स्वर्गातली सगळी सेना उभी असते. तिथे देव तिच्याशी सल्लामसलत करतो (१ राजे २२). ईयोबाच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाही असाच दरबार भरतो. यशयाच्या दृष्टान्तात देव विचारतो, "आमच्यासाठी कोण जाईल?", तेव्हा आजूबाजूला सराफीम, म्हणजे पंख असलेले स्वर्गीय सेवक, उभे असतात. प्राचीन वाचकाच्या मनात हा दरबार होता, आणि उत्पत्तीचे वाक्य ऐकताना त्याला तोच आठवला असणार. शिवाय लगेच पुढच्या वचनात, प्रत्यक्ष निर्मितीच्या वेळी, सगळे एकवचनात येते: देवाने निर्माण केले, आपल्या प्रतिरूपाने केले.

या वाक्यात अडचण आहे हे रब्बींना, म्हणजे यहुदी धर्मपंडितांना, ठाऊक नव्हते असे समजू नये. उत्पत्तीवरच्या त्यांच्या जुन्या भाष्यात एक कथा आहे. देव सांगत होता आणि मोशे लिहीत होता. या वाक्यापाशी आल्यावर मोशे म्हणाला, "जगाच्या धन्या, पाखंड्यांना बोलायला ही जागा का देतोस?" देव म्हणाला, "तू लिही. ज्याला चुकायचे असेल तो चुकेल." रब्बींच्या चर्चांचा मोठा संग्रह असलेल्या तल्मूदात रब्बी योहानान सांगतात की पाखंडी लोक जिथे जिथे अनेकवचन पकडतात, तिथे उत्तर शेजारीच लिहिलेले असते. या लोकांनी हे वाक्य आपल्याइतकेच बारकाईने वाचले होते, आणि आपल्या आधी.

अब्राहामाकडे आलेल्या तीन पाहुण्यांपाशी मात्र थोडे थांबायला हवे, कारण त्या प्रसंगावर ख्रिस्ती मनाचे फार प्रेम आहे. आंद्रेई रुब्ल्योव्ह या रशियन संन्यासी चित्रकाराने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला मम्रेच्या झाडाखाली बसलेल्या तीन देवदूतांचे जे चित्र रंगवले, त्याच्याइतके सुंदर त्रैक्यचित्र दुसरे नाही. मी त्या चित्रापुढे प्रार्थना करू शकतो. पण उत्पत्तीचा अठरावा अध्याय पुढे वाचत गेले की तिघांपैकी दोघे सदोमकडे निघतात, अब्राहाम परमेश्वरासमोर उभा राहतो, आणि एकोणिसाव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत "ते दोन देवदूत" सदोमला पोहोचतात. म्हणजे गोष्टीत परमेश्वर एक आणि देवदूत दोन. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने यहुदी त्रिफोशी केलेल्या संवादात हेच म्हटले: एक प्रभू, दोन देवदूत. त्याच्या मते तो प्रभू म्हणजे देवाचा शब्द, पुढे येशू झाला तो. ऑगस्टीनला मात्र या तिघांच्या समानतेत त्रैक्याची खूण दिसली. एकाच मंडळीचे दोन थोर गुरू एकाच अध्यायात वेगवेगळी संख्या मोजतात, कारण दोघेही आधी मिळालेल्या श्रद्धेने तो अध्याय वाचत होते. असे वाचायला माझी हरकत नाही. अशा वाचनातून चित्र, स्तोत्र, ध्यान उगवते. पण त्याला पुरावा म्हणता येत नाही.

तीनदा "पवित्र" या घोषाचे उत्तर दोन वाक्यांत देता येईल. हिब्रूत जोर देण्यासाठी शब्द पुन्हा पुन्हा येतो; यिर्मयाच्या सातव्या अध्यायात लोक "परमेश्वराचे मंदिर" हे शब्द तीनदा म्हणतात आणि तिथे मंदिरे तीन नाहीत.

हे सगळे मान्य करणारे आणि त्रैक्य न मानणारे काहीजण मग दुसऱ्या टोकाला जातात. हिब्रू शास्त्रातला देव म्हणजे आतून-बाहेरून एकसंध, एकाकी, कसलाही भेद नसलेला, आणि त्यात दुसऱ्या कशाची कल्पना करणेही अशक्य, असे ते म्हणतात. हेही शास्त्रात नाही. देवाची एकता अशा काटेकोर तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडली ती मैमोनिडीससारख्या मध्ययुगीन विचारवंतांनी. शास्त्रातली भाषा त्याहून कितीतरी मोकळी आहे. वाळवंटात हागारेशी परमेश्वराचा दूत बोलतो आणि ती म्हणते, मी देवाला पाहिले. जळत्या झुडपातून मोशेला दूत दिसतो आणि बोलतो तो देव. निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात देव म्हणतो, मी दूत पाठवतो, माझे नाव त्याच्या ठायी आहे. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात ज्ञान स्वतः बोलते: जग घडत असताना मी देवाच्या बाजूला होते. दानीएलाच्या सातव्या अध्यायात एक नाही, अनेक आसने मांडली जातात. पुराणपुरुष बसतो आणि मानवपुत्रासारखा कोणी मेघांवर आरूढ होऊन त्याच्याकडे येतो.

या ओळींनी यहुदी लोकांनाही विचार करायला लावले. येशूच्या काळातला अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फायलो देवाच्या शब्दाला एके ठिकाणी "दुसरा देव" म्हणतो. दानीएलातली ती आसने कोणाची यावर रब्बी अकिवा म्हणाले, एक देवाचे आणि एक दावीदाचे. तेव्हा रब्बी योसेंनी त्यांना खडसावले की देवाच्या सान्निध्याला तू किती सामान्य करणार? अलीशा बेन अबूया या मोठ्या पंडिताने स्वर्गात मेटाट्रोन हा देवदूत बसलेला पाहिला आणि दोन सत्ता आहेत की काय असे तो बोलून गेला. तल्मूद त्याला नंतर नावाने हाक मारत नाही, "दुसरा" म्हणते. "स्वर्गात दोन सत्ता" हे मत रब्बींना वारंवार खोडून काढावे लागले, त्याअर्थी ते मानणारे लोक यहुद्यांतच होते. १९७७ मध्ये ॲलन सीगल या यहुदी अभ्यासकाने या साऱ्या उल्लेखांचा कसून अभ्यास केला आणि तेव्हापासून या विषयाची चर्चाच बदलली.

म्हणजे देवाच्या एकतेत जागा होती. पण नीट पाहिले तर ती जागा दोघांसाठी होती, तिघांसाठी नव्हती. देवाचा आत्मा हिब्रू शास्त्रात वाहतो, संदेष्ट्यांवर उतरतो, शिमशोनाला बळ देतो, यशया त्रेसष्टमध्ये दुःखीही होतो. पण तो पित्यापासून वेगळी व्यक्ती आहे असे तिथे कुठे म्हटलेले नाही. खुद्द मंडळीलाही पवित्र आत्म्याचे ईश्वरत्व मतांगीकारात सविस्तर मांडायला ३८१ साल उजाडले, कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत.

माझ्या दृष्टीने सर्वांत निर्णायक पुरावा चौथ्या शतकातला आहे. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणत होता की पुत्र हा देवाने निर्माण केलेला आहे, अत्यंत थोर पण निर्मितच. त्याच्या बाजूचे लोक कोणते वचन पुढे करत? नीतिसूत्रे ८:२२. ग्रीक भाषांतरात तिथे ज्ञान म्हणते की परमेश्वराने आपल्या मार्गाच्या आरंभी मला निर्माण केले. ज्या वचनात आजचे उपदेशक त्रैक्य दाखवतात, त्याच वचनाने त्रैक्याविरुद्धची सर्वांत मोठी चळवळ उभी राहिली. एरियसचा विरोधक बिशप अथानेशियस याला पुढे त्याचा अर्थ फिरवून सांगण्यासाठी पानेच्या पाने खर्ची घालावी लागली. ३२५ मध्ये निकियाला जमलेल्या बिशपांनी पुत्र पित्याशी "एकाच सत्त्वाचा" आहे असे ठरवले, तेव्हा वापरलेला तो ग्रीक शब्द शास्त्रात कुठेही नव्हता आणि त्यावरून अनेक बिशप अस्वस्थही झाले. दोन्ही बाजूंकडे तोच जुना करार होता. त्याच्यात उत्तर लिहिलेले असते तर बादशहा कॉन्स्टंटाइनला परिषद बोलवावी लागली नसती.

मग त्रैक्य आले कुठून? ते आले येशूला भेटलेल्या माणसांकडून. ती सगळी यहुदी माणसे होती, दिवसातून दोनदा "हे इस्राएला, ऐक, परमेश्वर एकच आहे" हे अनुवाद या मोशेच्या पाचव्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातले शब्द म्हणणारी. वधस्तंभानंतर येशू जिवंत भेटला, आत्मा आपल्यात उतरला, असा त्यांचा अनुभव होता, आणि तो सांगायला त्यांच्याकडे भाषा होती ती हिब्रू शास्त्राचीच. पौल करिंथच्या मंडळीला लिहितो: आपल्याला एकच देव पिता आणि एकच प्रभू येशू ख्रिस्त (१ करिंथ ८:६). त्याने रोजच्या कबुलीतले "देव" आणि "प्रभू" हे दोन्ही शब्द घेतले आणि त्यांत येशूला बसवले. हे किती धाडसाचे होते, याची कल्पना ती कबुली रोज म्हणणाऱ्यालाच येईल. पौलाला हे अनुवादात सापडले नव्हते. दमास्कसच्या वाटेवर त्याला येशूचे जे दर्शन घडले त्याच्या उजेडात त्याने अनुवाद पुन्हा वाचला. आपण नेमकी हीच गोष्ट उलटी करून शिकवतो.

आपण उलटे शिकवले याची किंमत दुसऱ्यांनी मोजली, म्हणून मला हा विषय केवळ पंडिती वाटत नाही. १२६३ मध्ये बार्सेलोनात ॲरागॉनचा राजा पहिला जेम्स याच्यासमोर वाद झाला. एका बाजूला यहुदी धर्मातून ख्रिस्ती झालेला पाब्लो क्रिस्तियानी हा डॉमिनिकन साधू, दुसऱ्या बाजूला रब्बी मोशे बेन नाहमान. रब्बींना यायचे की नाही हे ठरवण्याची मोकळीक नव्हती. राजाचा हुकूम होता. वादाचा विषय मुख्यतः मसीहा होता, पण त्यानंतरच्या शब्बाथाला राजा आणि साधू थेट सिनेगॉगमध्ये आले. पेन्याफोर्टच्या रेमंडने तिथे उभे राहून त्रैक्यावर प्रवचन केले: देवाचे ज्ञान, इच्छा आणि सामर्थ्य म्हणजेच ते तीन. बेन नाहमानांनी लिहून ठेवले आहे की त्यांनी उत्तर दिले, देवाला ज्ञान आहे, इच्छा आहे, सामर्थ्य आहे हे मलाही मान्य. पण असे मोजू लागलो तर संख्या तीनवर थांबत नाही, चारपाचही म्हणावे लागतील. तेव्हा पाब्लो म्हणाला की हे इतके गूढ आहे की देवदूतांनाही कळत नाही. रब्बी म्हणाले, जे कळत नाही त्यावर विश्वास ठेवता येत नाही, म्हणजे देवदूतही त्रैक्य मानत नाहीत.

त्या दिवशी युक्तिवाद कोणाचा सरस होता याबद्दल मला शंका नाही. राजाने रब्बींना मानाने निरोप दिला. पण आपली बाजू लिहून प्रसिद्ध केल्याबद्दल पुढे त्यांच्यावर ईश्वरनिंदेचा आरोप आला, आणि म्हातारपणी त्यांना देश सोडून इस्राएलच्या भूमीकडे जावे लागले. बार्सेलोनाच्या वादाआधी तेवीस वर्षे पॅरिसमध्ये असाच वाद झाला होता, आणि त्याच्या मागोमाग तल्मूदच्या गाड्याच्या गाड्या जाळल्या गेल्या. "तुमच्याच पुस्तकात आमचा देव आहे, तुम्हीच आंधळे" या एका वाक्यामागे एवढा इतिहास आहे. प्रवचनात ते सहज म्हणणाऱ्याला तो माहीत असायला हवा.

आपल्या कोकणातही या प्रश्नाची एक परीक्षा झाली आहे. अलिबाग, पेण, रेवदंडा या भागात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल, "शनिवार तेली", शेकडो वर्षे ग्रंथाविना राहिले. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्याकडे जी हिब्रू प्रार्थना उरली होती ती म्हणजे शमा, "हे इस्राएला, ऐक" हीच. एकोणिसाव्या शतकात मुंबईत अमेरिकन मिशनरी आले, १८२९ मध्ये स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले. त्यांनी या लोकांना शाळा दिल्या, हिब्रू शिकवले, जुना करार मराठीत हाती दिला. विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरणही छापले. मिशनरींना आशा होती की हा ग्रंथ वाचला की हे लोक ख्रिस्ताकडे येतील. बेने इस्राएलांनी ग्रंथ मनापासून वाचला, मिशनरींचे उपकार मानले, त्यांच्यातल्या हाईम सॅम्युएल केहिमकरांसारख्यांनी ते लिहूनही ठेवले. आणि फार थोडे अपवाद वगळता सगळे सिनेगॉगमध्येच राहिले, आपल्या धर्मात आणखी पक्के होऊन. मोकळ्या मनाने, प्रेमाने शिकवणाऱ्या गुरूच्या हातून हिब्रू शास्त्र वाचणाऱ्या माणसांना त्यात त्रैक्य दिसले नाही. ही माणसे आंधळी नव्हती.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला याहून जवळचे. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर १८८५ च्या सुमारास त्यांची सिस्टर जेराल्डीन यांच्याशी जी पत्रापत्री झाली तिच्यात त्रैक्याबद्दल आणि ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाबद्दल त्या खडे प्रश्न विचारताना दिसतात. मंडळी सांगते म्हणून मानायचे, हे त्यांना जमत नव्हते. पुढे त्यांच्या शंका निवल्या, पण त्या अनेकवचनांच्या हिशेबाने निवल्या नाहीत. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, तो नंतर भेटला, असे त्यांनी आपल्या साक्षीत सांगितले आहे. आणि ज्या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती सदनात सगळे बायबल सोप्या मराठीत आणले, १९२२ मध्ये देह ठेवेपर्यंत त्याच कामात राहिल्या, त्यांचा हा क्रम आपण लक्षात घ्यावा: आधी ख्रिस्ताची भेट, मग शास्त्राचे वाचन.

माझे ख्रिस्ती मित्र इथे मला अडवतात. अम्माऊसच्या वाटेवर येशूने मोशेपासून सर्व संदेष्ट्यांपर्यंत स्वतःविषयीच्या गोष्टी उलगडून सांगितल्या, असे लूक लिहितो. मग तू कोण नाही म्हणणारा? लूकचे तेच वचन एक ओळ आधीपासून वाचावे. तिथे विषय आहे मसीहाने दुःख सोसून गौरवात जाण्याचा. देवाच्या अंतर्यामी किती व्यक्ती आहेत, याबद्दल त्या वाटेवर काही बोलणे झाल्याचे लूक सांगत नाही.

दुसरे मित्र म्हणतात, मग हे मत माणसांनी मागून रचले असे कबूल कर. हेही मला मान्य नाही, आणि याचे उत्तर यहुदी धर्मातच मिळते. मेलेल्यांचे पुनरुत्थान हिब्रू शास्त्रात अगदी थोडक्यात येते. स्पष्टपणे म्हणावे तर दानीएलाच्या बाराव्या अध्यायात, तेही एका ओळीत. येशूच्या काळातल्या यहुद्यांत सदूकी आणि परूशी असे दोन पंथ होते. सदूकी लोक ते शास्त्रात नाही म्हणून नाकारत. परूशांनी आणि त्यांच्यामागून रब्बींनी ते धरून ठेवले, इतके की तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, पुनरुत्थान नाही म्हणणाऱ्याला येणाऱ्या जगात वाटा नाही असे मिश्ना या रब्बींच्या नियमसंग्रहाने ठरवले. ग्रंथात बीजरूपाने असलेले, लोकांनी जगून, सोसून, प्रार्थना करून ओळखलेले सत्य उशिरा बोलले जाते म्हणून खोटे ठरत नाही. त्रैक्याबद्दल मी एवढाच दावा करतो आणि तो मला पुरेसा वाटतो.

रोमन कॅथलिक मंडळीने १९६९ नंतर वापरात आणलेल्या वाचनमालेत त्रैक्य रविवारसाठी तीन वर्षांची तीन वाचने जुन्या करारातून नेमली आहेत. पहिल्या वर्षी निर्गमचा चौतिसावा अध्याय: परमेश्वर दयाळू, कृपाळू, मंदक्रोध. तिसऱ्या वर्षी नीतिसूत्रांतले ते बोलणारे ज्ञान. आणि दुसऱ्या वर्षी अनुवादाचा चौथा अध्याय, ज्यात मोशे लोकांना सांगतो की वर आकाशात आणि खाली पृथ्वीवर परमेश्वरच देव आहे, दुसरा कोणी नाही. "आपण मनुष्य करू" हे वचन तिन्हीपैकी एकाही वर्षी नाही. ज्यांनी ही निवड केली त्यांनी त्रैक्याच्याच दिवशी मोशेचे म्हणणे मोशेच्याच शब्दांत वाचायला लावले. प्रोटेस्टंट असो वा कॅथलिक, आपल्या उपदेशकांनी त्या दिवशी निदान तेवढे वाचन तसेच वाचावे, आणि त्रैक्य शिकवायला योहानाच्या शुभवर्तमानाकडे जावे.